गेणभाऊंनी ठेवलेला चहा

राजुरीच्या फाट्यावर एस.टी.तून उतरताना आपल्या दोन्ही पायांत चप्पल होती, असं गेणभाऊंचं ठाम मत होतं. घरी पोचले तेव्हा एकाच पायात होती. मधे सव्वा किलोमीटर डांबरी रस्ता, एप्रिलचं ऊन आणि तीन घरचा चहा एवढंच होतं.

साळुबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग त्याच्या पायांकडं पाहिलं.

"अवो, दुसरी कुठं हाय?"

गेणभाऊंनी खाली पाहिलं. दुसऱ्या कुणाचा पाय आपल्या धोतराखाली आलाय अशा कुतूहलानं पाहिलं. तळव्याला रुपयाएवढा फोड आला होता, आणि त्याची खबर गेणभाऊंना बायकोकडून मिळत होती.

त्यांना साखर होती, म्हणजे रक्तात. सहा वर्षांपूर्वी कळलं होतं. त्यावर गोळ्याही चालू होत्या. आठवण आली की ते घेत. पण हे प्रकरण घरातल्या घरात होतं. बाहेर त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही, असा त्यांचा दंडक होता, कारण त्यांचा धंदाच तसा होता. धंदा म्हणणंही बरोबर नाही, त्यात एक पैसा मिळत नसे. ते सोयरिकी जमवत. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत त्यांनी जमवलेली लग्नं शंभराच्या पुढं होती, आणि दोन-चार सोडली तर सगळी टिकून होती. पोरगी देताना लोक आधी पाण्याची विहीर विचारतात, मग घरात काही दुखणंखुपणं आहे का ते विचारतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? 'त्यांच्यात साखर हाय बरं का,' एवढ्या कुजबुजीवर जमत आलेल्या सोयरिकी त्यांनी स्वतः थांबवल्या होत्या. आता तीच कुजबूज आपल्या दारी नको होती. कारण घरात आदेश होता.

आदेश हा पुतण्या. थोरला भाऊ आणि भावजय गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. गेणभाऊ-साळुबाईला मूलबाळ नव्हतं, त्यामुळं दोन्ही बाजूंची अडचण परस्पर मिटली. तो गेणभाऊंना नाना म्हणे. आता तो एकतीस वर्षांचा झाला होता. टोमॅटोच्या रोपांची नर्सरी त्यानं उभी केली होती आणि नारायणगावच्या मार्केटात त्याच्या रोपांना नाव होतं. पण हल्लीच्या मुलींना रोपांशी लग्न करायचं नसतं. एकोणीस ठिकाणी बघून झालं होतं. दोन तालुक्यांची लग्नं लावणाऱ्या माणसाच्या घरात एक लग्न लागत नव्हतं, आणि लोक हे त्यांना दर लग्नात, जेवणाच्या पंगतीत, मायेनं विचारत.

दुसऱ्या दिवशी साळुबाईनं त्यांना नारायणगावच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी गेणभाऊंना डोळे मिटून पडायला सांगितलं आणि एक नायलॉनची बारीक काडी हातात घेतली. तळव्याला काडी टोचली की 'हो' म्हणायचं, असं ठरलं. गेणभाऊ डोळे मिटून शहाण्यासारखे पडून राहिले. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनीच विचारलं, "डॉक्टर, सुरू करा की आता. आमची दुपारची गाडी हाय."

डॉक्टरांचं करून झालं होतं. दोन्ही तळव्यांवर मिळून वीस ठिकाणी काडी वाकेपर्यंत टोचली होती. साळुबाई ते सगळं शेजारी उभं राहून बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडं बघत राहिली.

मग खाण्यापिण्याची चौकशी झाली. गेणभाऊंनी जबानी दिली: भाकरी, भाजी, आमटी, बस्स. गोड? छे, गुळाचा खडा, तोही घरच्या उसाचा. त्यांच्या मते घरच्या उसाच्या गुळात साखर नसे. टोस्ट? तो चहात बुडवला की उरतो कुठं? आणि चहा? थोडाच. इथं साळुबाईचा धीर सुटला. तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. हा माणूस दिवसाला दहा घरं फिरतो आणि दहा घरी चहा होतो. घरचा अकरावा. आणि पाहुण्याला चहा द्यायचा म्हणजे हातचं राखून साखर घालत नाहीत. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, गोळी एकीकडून ओढते आणि कप दुसरीकडून ढकलतो. पायाच्या शिरा मधल्यामध्ये मरतात. एका दिवसात काही होत नाही, म्हणून माणसाला वाटतं की काहीच होत नाही.

घरी आल्यावर साळुबाईनं पितळेचं ताट घेतलं आणि डब्यातून साखरेचे चमचे मोजून त्यात ओतले. कपाला दोन, कप अकरा. बावीस. ताटात छोटासा डोंगर झाला. ते ताट तिनं गेणभाऊंसमोर ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "बसा. आजचं जेवण."

गेणभाऊ बराच वेळ त्या डोंगराकडं बघत बसले. मुंग्या आल्या. मुंग्यांना मात्र सगळं रीतसर टोचतं आणि कळतं, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. सोपानच्या पायाचाही विचार आला. सोपान म्हणजे साळुबाईचा भाऊ. त्याचा पाय आधी अंगठ्यापासून गेला, मग घोट्यापासून, मग गुडघ्यापासून. कर्जात हप्त्याहप्त्यानं जमीन जावी तसा तो पाय जाताना साळुबाईनं बघितला होता.

"तुला काय पायजे ते सांग," ते म्हणाले.

तिनं फारसं काही मागितलं नाही. साखरेचा चहा बंद, कुणाच्याही दारी. गूळ बंद, मग तो कुणाच्याही उसाचा असो. टोस्ट बंद. बाजरीची भाकरी दोनऐवजी दीड, आणि ताटात मेथी, गवार, काकडी जास्त. आणि रोज सकाळी ती त्यांचे तळवे बघणार. या शेवटच्या कलमाला गेणभाऊंनी हरकत घेतली. बायकोनं नवऱ्याचे पाय धरून बसायचं, तेही ओट्यावर, उजेडात? लग्नात सासऱ्यानं धुतले होते तेवढे पुरे झाले. त्यावर साळुबाईनं उरलेली एकटी चप्पल उचलली, दाराशेजारच्या कॅलेंडरच्या खिळ्यावर लटकवली आणि म्हणाली, "बाहेर जाताना हिच्याकडं बघून जायचं. कपाला तोंड लावायच्या आधी ही आठवायची. माझी आण हाय."

आजवर साळुबाईनं कधी आण घातली नव्हती. गेणभाऊंनी पाय पुढं केले.

आठवड्याभरानं घोडेगावहून सांगावा आला. मुलगी हर्षाली, सरकारी दवाखान्यात सिस्टर. वडील गोरख, आई साधना, घरची पाच एकर शेती. मुलगी म्हणाली होती, शेती करणारा चालेल, पण डोकं लावून करणारा पाहिजे. आदेशनं हे वाक्य ऐकलं आणि दाढी केली.

बघायला जायच्या दिवशी साळुबाईच्या शेतात तोडणीला बाया आलेल्या होत्या. त्यामुळं गेणभाऊ, आदेश आणि भावकीतले दोघं असे चौघं गेले. घर चांगलं होतं. माणसं साधी होती. हर्षालीनं पोहे आणून ठेवले आणि खाली मान घालून बसण्याऐवजी आदेशला विचारलं की रोपं मरतात ती जास्त पाण्यानं की कमी. आदेश म्हणाला, जास्त. कमी पाणी दिलं तर रोप मुळं लांब धाडतं, जास्त दिलं की आळशी होतं. ती म्हणाली, आमच्याकडं पेशंटचंही तसंच असतं. मग दोघं गच्चीवर दहा मिनिटं बोलली आणि आदेश खाली आला तेव्हा त्याला जिन्याची एक पायरी दिसली नाही. गेणभाऊंच्या जाणकार डोळ्यांनी ते टिपलं. सोयरीक जमल्यात जमा होती.

मग चहा आला. दाट दुधाचा, वेलदोड्याचा. कपाच्या कडेला साखरेचा चिकटपणा लागला होता. गेणभाऊंनी कप उचलला. नाकाशी वेलदोडा आला आणि डोळ्यांसमोर खिळ्यावरची चप्पल आली. फक्त ओठ टेकवले. प्यायले नाहीत. आपण रीतही सांभाळली आणि आणही सांभाळली, या समाधानात त्यांनी कप खाली ठेवला. उठताना हात जोडले, कळवतो म्हणाले आणि सगळी मंडळी बाहेर पडली.

आता या भागात एक गोष्ट लहान पोरांनाही माहीत होती. गेणभाऊ तोंडावर कधी नकार देत नाहीत. मुलगी पसंत नसली, घर पटलं नाही, तर ते गोड बोलतात, पिकाची चौकशी करतात, आणि चहाचा कप भरलेला ठेवून उठतात. कप आत जातो, आतल्या बाया तो बघतात आणि समजतात. कुणाचा अपमान होत नाही. ही रीत गेणभाऊंनीच चाळीस वर्षांत पाडली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. त्या दिवशी मनातल्या आणेकडं लक्ष ठेवता ठेवता ते स्वतःचीच रीत साफ विसरले.

एक आठवडा गेला. गेणभाऊंनी कळवलं नाही, कारण मुलीकडच्यांनी आधी घर बघायला यायचं असतं. कधी येता ते विचारायला गेणभाऊंनी फोन केला तर गोरखनं उचलला नाही. दुसरा आठवडा गेला. आदेश नर्सरीत रोपांना जास्त पाणी घालू लागला. साळुबाईनं त्याच्या ताटातली उरलेली भाकरी बघितली आणि झाकून ठेवली.

पंधराव्या दिवशी नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात गोरख समोरासमोर भेटला. रामराम झाला. गेणभाऊंनी विचारलं, काय ठरलं?

गोरख चांगला माणूस होता. तो रागावला नव्हता, फक्त वाळल्यासारखा दिसत होता. "भाऊ, तुमी कप भरल्याला ठेवला," तो म्हणाला. "आमी समजलो. पोरगी म्हनली, नीट बोलत व्हते, मग असं का? तिला म्हनलं, मोठ्या मान्साची रीत हाय, इचारायचं नसतं."

गेणभाऊंच्या हातातली पिशवी खाली गेली. त्यातली काकडी गडगडत गोरखच्या पायाशी गेली. खरं सांगायला तोंड उघडलं आणि चाळीस वर्षांची सवय आडवी आली. साखर असलेल्या घरात पोरगी द्यायची की नाही, हा विचार गोरखच्या जागी बसून त्यांनी किती जणांसाठी केला होता. "पोट बिघडलं व्हतं राव," ते म्हणाले. गोरखनं काकडी उचलून पिशवीत ठेवली. त्याला खोटं कळलं होतं आणि त्यानं ते कळू दिलं नाही.

घरी येऊन गेणभाऊंनी साळुबाईला सगळं सांगितलं. सांगताना ते चपलेकडं बघत होते. मग म्हणाले की एका कपानं पाय काही जळत नव्हता, प्यायला हवा होता, पोराचं नशीब आपण चहापायी घालवलं. साळुबाई भाकरी थापत होती. तिनं हातातली भाकरी पुरी केली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"चहापायी न्हाई," ती म्हणाली. "लपवल्यापायी. उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी दोघं घोडेगावला गेली. आदेशला नर्सरीतच ठेवलं. गोरखनं या बसा केलं, पण घरात पाहुणा आल्याची गडबड झाली नाही. हर्षाली दवाखान्यातून नुकतीच आली होती, ती आतल्या दाराशी उभी राहिली. साधना तिच्या मागं.

गेणभाऊंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची बाजू मांडली होती. स्वतःची मांडायची वेळ आली आणि शब्द सापडेनात. शेवटी त्यांनी पाय पुढं केला आणि तळवा वर केला. फोड बरा होऊन तिथं गुलाबी कातडं आलं होतं.

"मला साखर हाय," ते म्हणाले. "सहा वर्सं. पाय बधिर झाल्यात. हिनं आण घातली, म्हणून कप ठेवला. पोरगी लई पसंत व्हती. दुखणं सांगायची लाज वाटली."

पुढचं साळुबाईनं सांगितलं. सव्वा किलोमीटर एका चपलेनं कसे आले ते सांगितलं. डॉक्टर टोचत होते आणि हे 'सुरू करा' म्हणत होते तेही सांगितलं. सांगताना तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. आदेशला तसलं काही नाही, हेही तिनं सांगितलं. त्याची तपासणी केली, कागद आणलाय, पुढचं देवाच्या आणि त्याच्या खाण्याच्या हाती.

गोरख जमिनीकडं बघत होता. मग दारातून हर्षालीच बोलली.

"बाबांनाही आहे."

"हर्षे," गोरख म्हणाला.

"चार वर्षं झाली. तुम्हाला कळलं तर तुम्ही कप ठेवून जाल म्हणून सांगितलं नाही. त्या दिवशी बाबांनीसुद्धा तुमच्यासमोर तोच चहा प्यायला, दोन कप. संध्याकाळी मी तपासलं तर तीनशेच्या वर साखर होती."

गेणभाऊंनी गोरखकडं पाहिलं. गोरखनं गेणभाऊंकडं पाहिलं. एकमेकांपासून एकच चोरी लपवणाऱ्या दोन चोरांना फौजदारानं एकाच बाकावर बसवावं, तसे ते दिसत होते. साधना पदराआड हसत होती. ते हसू थांबेना तेव्हा साळुबाई उठून तिच्याजवळ गेली, आणि दोघी मिळून हसू लागल्या.

"पण चहा झाल्याबिगर सोयरीक कशी व्हनार?" गोरख हळूच म्हणाला. रीत ती रीत.

हर्षाली आत गेली. दहा मिनिटांनी ट्रे घेऊन आली. कपात दूध कमी होतं, आलं भरपूर, गवती चहा, आणि साखरेचा एक दाणा नव्हता. सगळ्यांना तोच दिला, आईला, साळुबाईला, बापाला. गोरखनं पहिला घोट घेतला आणि त्याचा चेहरा कोर्टात उभं राहिल्यासारखा झाला. गेणभाऊंनाही तो चहा उकळलेल्या पाल्यासारखा लागला. पण त्यांनी कप तळापर्यंत नेला, वर तळाचा आल्याचा चोथा चावून खाल्ला, आणि रिकामा कप दोन्ही हातांनी हर्षालीच्या हातात दिला.

"आत न्ये पोरी," ते म्हणाले. "आईला दाखव."

लग्न मेमध्ये झालं. गेणभाऊंनी तोवर जिभेला बरंच वळण लावलं होतं. महिन्याभरात बिनसाखरेचा चहा सोसू लागला, पुढं तर त्यात दुधाची स्वतःची गोडी असते, हा शोध त्यांनी लावला आणि तो दहाही घरी सांगत फिरले. लोक ऐकून घेत आणि आपल्या कपात साखर घालत. एक-दोघी म्हाताऱ्या मात्र आत जाऊन हळूच आपल्या माणसाचा एक चमचा कमी करू लागल्या.

लग्नासाठी आदेशनं चुलत्याला नवे काळे बूट आणले होते. त्या दिवशी सकाळी साळुबाईचे दोन्ही हात हळदीत, पानसुपारीत आणि दीडशे पाहुण्यांत अडकले होते. रोजचं तळवे बघणं राहून गेलं. गेणभाऊ त्या बुटांत पहाटेपासून वऱ्हाड आणत, अक्षता वाटत, पंगती बसवत फिरले.

दिवस कलताना नवरी राजुरीच्या घरात आली. उंबऱ्यावरचं तांदळाचं माप तिनं पायानं ओलांडलं. आत येताच तिला कॅलेंडरच्या खिळ्यावरची चप्पल दिसली. तिनं ती ओळखली, आणि मुंडावळ्यांतून हसली. मग जोडप्यानं मोठ्यांच्या पाया पडायला सुरुवात केली. गेणभाऊंनी मानासाठी बूट काढून ठेवले होते, पांढरे मोजे होते. हर्षाली वाकली, पायाला हात लावला, आणि हात तिथंच राहिला.

"नाना, खुर्चीवर बसा."

"आशीर्वाद तर दिऊ दे."

"आधी बसा."

उजव्या मोज्याच्या टोकाला गव्हाएवढा लाल डाग होता. तिनं पाणी मागवलं, मोजा ओला करून अलगद सोडवला. करंगळीची कातडी बुटानं सोलली होती आणि ती दिवसभर सोलत राहिली होती. गेणभाऊ म्हणाले, काही नाही, नवे बूट आहेत, दुखत नाही. साळुबाई गर्दीतून वाट काढत आली होती. तिनं बोट बघितलं, नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं.

"तुमाला दुखत न्हाई," ती म्हणाली, "म्हणून मला दुखतं."

हर्षालीनं आदेशला बॅग आणायला लावली. शालूखाली, मधल्या कप्प्यात, गॉजचं पुडकं, औषध आणि चिकटपट्टी होती. सासरी काय काय लागेल याचा तिनं आधीच विचार केला होता. हिरवा चुडा कोपरापर्यंत सारून ती जमिनीवर बसली आणि जखम धुऊ लागली. दीडशे पाहुण्यांपैकी निम्मे दारात गोळा झाले. वाजंत्रीवाला वाजवायचा थांबला. गेणभाऊ वर पत्र्याकडं बघत होते. पत्र्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

एवढ्यात भावकीतली कुणीतरी चहाचा ट्रे घेऊन आली. वऱ्हाडासाठी केलेला, मोठ्या पातेल्यातला, दाट आणि गोड. तिनं पहिला कप घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात ठेवला. गेणभाऊंनी तो घेतला. वास घेतला. आणि जवळच्या स्टुलावर ठेवून दिला.

दारातली परगावची माणसं चुळबुळली. गेणभाऊंनी कप ठेवला, तोही आजच्या दिवशी, नव्या सुनेसमोर. एका म्हातारीनं दुसरीच्या दंडाला बोट लावलं.

हर्षालीनं पट्टीचं शेवटचं टोक दाबून बसवलं. डोकं वर न करता म्हणाली, "राहू द्या तो तसाच."

साळुबाईनं कप उचलला आणि आत नेला, काठोकाठ भरलेला. आत सगळ्या बाया बसल्या होत्या. त्यांनी तो बघितला, साखरेचा आहे एवढंच समजल्या आणि पुन्हा पान लावायला लागल्या.